उस्तादांची मोगरी

१

कलिंगड घेताना माणूस टिचकी मारून बघतो, तसा उचापत्या झाडाला लाकडी मोगरीने ठोकून बघायचा. बुंध्याभोवती बारा ठोके, घड्याळावरच्या बारा आकड्यांसारखे. भरीव झाड 'ठक्क' म्हणतं, पोकळ झाड 'ढब्ब' म्हणतं, आणि कुजलेलं झाड काहीच म्हणत नाही, नुसता आवाज गिळतं. हे बारा ठोके झाल्याशिवाय त्याने पन्नास वर्षांत एकाही झाडावर पाय ठेवला नव्हता.

उचापत्या म्हणजे झाडं छाटणारा. वय सदुसष्ट. शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या खुर्चीला डिंक फासल्यामुळे तिथेच चिकटलेलं. त्याचं खरं नाव घरच्यांनाही आठवायला वेळ लागायचा. धंदा आता सुनेच्या हातात होता. सून चाळिशीची, छाटणीचं रीतसर प्रमाणपत्र घेतलेली, टेम्पो तिचा, करवती तिच्या, शब्दही तिचाच. सासरा तिच्याकडे कामाला होता आणि मनातून त्याला याचा भारी अभिमान होता, पण तसं कबूल करेल तर तो उचापत्या कसला.

"बाबा, हेल्मेट."

"डोक्यात काही असेल त्याने हेल्मेट घालावं, सूनबाई."

"नसलं तरी घाला. विमेवाले आत डोकावून बघत नाहीत."

घातलं. बुधवारची सकाळ होती. समोर काकूंच्या परसातला शिरीष उभा होता. काकू म्हणजे उस्तादांच्या पत्नी, वय चौऱ्याऐंशी, कान अजून मांजरासारखे. आणि उस्ताद म्हणजे ज्यांनी उचापत्याला करवत धरायला शिकवली ते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मांडीएवढी जाड एक फांदी काकूंच्या मागच्या खोलीवर आडवी गेली होती, आणि तिला वरून हातभर तडा गेला होता. त्या खोलीत काकू झोपायच्या. नगरपालिकेच्या कचेरीतून नोटीस आली होती: शनिवारपर्यंत झाड सुरक्षित करा, नाहीतर आम्ही येऊन बुंध्यापासून तोडू. त्यावर काकूंचं उत्तर तयार होतं. "तोडायचं तर मलाही त्याच गाडीत घाला."

म्हणजे फांदी उतरवायची, खोली वाचवायची, झाडही वाचवायचं. दिवस तीन.

बुंध्यावर कमरेच्या उंचीला सिमेंटचं एक ठिगळ होतं, लहान दाराएवढं. पूर्वी तिथे ढोली होती. एकतीस वर्षांपूर्वी उस्तादांनी आणि उचापत्याने ती विटा-सिमेंटने बुजवली होती. तेव्हा तीच रीत होती. दातात चांदी भरावी तसं झाडात सिमेंट भरायचे. आता सून सांगते की ते साफ चूक. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत पाणी मुरतं आणि कूज वाढतच जाते. झाडाची जखम उघडी ठेवायची, ते स्वतःच कडेने लाकूड वाढवून ती मिटवतं. इथेही सालीचे दोन जाड ओठ सिमेंटवर चढत आले होते. अजून चार बोटं उरली होती.

उचापत्याने ठोके मारले. एक, दोन, पाच, नऊ. अकरावा ठक्क. बारावा त्या सिमेंटवर, कडक, दगडासारखा.

मग तेरावा ठोका पडला. तो आतून आला.

२

माणसाला आवडत नाही असं काही ऐकू आलं की डोकं किती झटझट कामाला लागतं ते बघण्यासारखं असतं. उचापत्याने उभ्या उभ्या पाच कारणं काढली. प्रतिध्वनी. सुतारपक्षी. सिमेंटमधली सुटी वीट. काकूंच्या नळाचा पाइप. आणि पाचवं, स्वतःचं वय.

त्याने पुन्हा बारा ठोके मारले. काही नाही. पुन्हा मारले. काही नाही.

"किती वेळा मारताय?" सून दोराची वेटोळी सोडवत म्हणाली. "झाड आहे ते, शेजाऱ्याचं दार नाही."

"तुला काही ऐकू आलं?"

"हो. तुमचे गुडघे."

हे आपल्यावरच उलटलेलं बघून त्याला जरा बरंच वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारावर ठोकून पळून गेलेला माणूस. कुणी त्याच्यावर ठोकलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

तेवढ्यात काकू मागच्या दारात आल्या, हातात पाण्याचा तांब्या. "का रे उचापत्या, आज इतका लवकर? उजाडल्यापासून ठोकतोयस."

"आत्ता आलो, काकू. टेम्पोचं इंजिन अजून गरम आहे."

"मग माझ्या उशाशी कोण ठोकत होतं?"

सून हसली. म्हणाली, पाणी चढतं सकाळी खोडातून, लाकूड फुगतं, कुठे कुठे तडतडतं. काकूंनी मान डोलावली, पण तांब्या उचापत्याच्या हातात देताना त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "तडतड मला कळते रे. हे मोजून होतं. बारा."

३

आता उस्तादांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

उस्तादांच्या तीन रीती होत्या. पहिली, हत्यार देताना दांडा समोरच्याकडे करायचा आणि तो "धरलं" म्हणेपर्यंत आपला हात सोडायचा नाही. वीस हात उंचीवर निसटलेली करवत खालच्याची मान विचारत नाही. दुसरी, वर माणूस असला की बोलायचं नाही, मोगरीने बोलायचं. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे दोर सोडत राहा. तीन म्हणजे मी उतरतोय. तीन ऐकले की खालच्याने दोर धरायचा आणि मग आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही. वर बघायचं नाही, भुसा डोळ्यांत जातो. फक्त आपल्या हातांकडे बघायचं.

तिसरी रीत गमतीची होती. उस्ताद दोरावरून उतरताना उचापत्याच्या डोक्याशी आले की बोटांच्या गाठींनी त्याच्या हेल्मेटवर एक टकटक मारायचे, कान लावून थांबायचे, आणि खाली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पोकळ आहे. पण उभा राहील अजून."

त्याचाच सूड म्हणून उचापत्याने ती खोडी काढली. ढोली बुजवायच्या दिवशी उस्ताद पाणी प्यायला गेले होते. त्यांची मोगरी बाजूला पडलेली. चिंचेच्या लाकडाची, दांड्याच्या टोकाला अंगठा बसेल अशी खाच. उचापत्याने ती उचलली, ढोलीत टाकली, आणि वर पाच विटांचा थर लावून मोकळा झाला. उस्ताद आले, शोधाशोध, शिव्या, पुन्हा शोधाशोध. संध्याकाळी सांगू, असं त्याने ठरवलं होतं. संध्याकाळी सिमेंट वाळलं. मग उद्या सांगू. उद्याची एकतीस वर्षं झाली.

उस्ताद शेवटी चार महिने त्या मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. वजन चाळीस किलोवर आलं होतं. बोलणं गेलं होतं, पण बोटांच्या गाठींनी पलंगाच्या फळीवर ठोकत राहायचे आणि उचापत्या भेटायला गेला की त्याच्याकडे बघत राहायचे. तो त्यांचा हात हातात घ्यायचा, विनोद सांगायचा, आणि घरी यायचा. तेवढंच एक वाक्य होतं. ते काही निघालं नाही.

बुधवारी दुपारी, काकूंच्या ओट्यावर बसून, ते निघालं. कुणी विचारलं नव्हतं. आपोआप निघालं.

काकू पापणीही न हलवता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणायचे, त्या गाढवाने ती झाडात घातलीय. सांगायला येईल तेव्हा येईल." त्यांनी तांब्या उपडा करून ठेवला. "वाट बघायचे, बघ."

उचापत्याने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू अर्ध्यातच राहिलं, कारण त्याच वेळी परसात कुणीतरी ठोकलं. सून टेम्पोत डिझेल भरायला गेली होती. परसात कुणीच नव्हतं.

४

गुरुवारी सुनेनेही ऐकलं.

तिच्याकडे एक यंत्र होतं, लांब सुईसारखं ड्रिल. खोडात शिरतं आणि चांगलं लाकूड किती जाड उरलंय ते कागदावर रेघेने दाखवतं. बुधवारी तिने शिडी लावून मोजलं होतं: सगळीकडे आठ इंच भिंत, फक्त सिमेंटच्या वरच्या बाजूला, फांदी निघते तिथे, साडेचार. चालण्यासारखं होतं. गुरुवारी खात्रीसाठी पुन्हा त्याच जागी, दोन बोटं बाजूला, मोजलं.

"चार," ती म्हणाली.

"काल साडेचार होतं."

"जागा जरा वेगळी आहे. फरक पडतो."

तिने आणखी दोन बोटं सरकून सुई घातली. रेघ निघाली. तिने कागद घडी करून खिशात टाकला आणि किती ते सांगितलं नाही. सुनेने आकडा लपवणं ही गोष्ट उचापत्याने पहिल्यांदा पाहिली. ती दूधवाल्याच्या मापालाही हटकणारी बाई.

मग ठोके सुरू झाले. भर अकराच्या उन्हात, समोर दोघं उभी असताना. आधी खाली, मुळांशी. ठक. थोडी उसंत. मग वीतभर डावीकडे. ठक. उसंत. आणखी वीतभर.

उचापत्याने खिशातला खडू काढला. जिथून आवाज आला तिथे सालीवर तो टिंब ठेवत गेला. टिंबांची रांग बुंध्याला वळसा घालून मागे गेली, पुढे आली, आणि वर सरकली. बारा टिंबं. मग वरचा वळसा. पुन्हा बारा.

"बीटल आहे एखादा," सून म्हणाली. तिचा आवाज प्रमाणपत्रासारखा सपाट होता. "मोठा. लाकूड पोखरणारे भुंगे डोकं आपटून ठकठक करतात. पुस्तकात आहे."

"पुस्तकात बारा मोजतात का?"



खडू हातात धरून उचापत्या मागे सरकला आणि त्याने ती टिंबं लांबून पाहिली. एवढी वर्षं तो हेच करत आला होता. बाहेरून ठोकायचं, कुठे भरीव आहे, कुठे पातळ आहे ते ऐकायचं, आणि पातळ जागा सापडली की तिथे जरा जास्त वेळ थांबायचं. आतला आवाजही तसाच करत होता. आठ इंचाच्या जागी एकच ठोका आणि पुढे. पण वरती, फांदीच्या मुळाशी, चार इंचाच्या जागी पोचल्यावर तो थांबला. तिथे त्याने पुन्हा ठोकलं. मग पुन्हा. जरा हळू. मग अगदी हळू, कान लावल्यासारखं.

बाहेर यायला भिंत किती उरलीय ते कुणीतरी आतून बघत होतं.

"बाबा," सून म्हणाली, "कचेरीला फोन करू. तोडू देत त्यांना. काकूंना आपल्या घरी नेऊ."

"नको."

"का नको?"

उचापत्याने खडू खिशात टाकला. "एकदा मी या झाडात चुकीचं काम केलं आणि वरून लिंपून टाकलं. आता दुसऱ्यांदा चुकीचं काम करणार नाही. फांदी रीतीने उतरवायची, झाड उभं ठेवायचं. बाकी जे आहे ते आहे."

"आणि ते जे आहे ते बाहेर आलं तर?"

"तर मी खाली असेन," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता, आणि सुनेला त्याचीच जास्त भीती वाटली.

५

शुक्रवारी काकूंनी घर सोडायला साफ नकार दिला, पण खोली सोडली. परसाच्या टोकाला, फांदीच्या पल्ल्याबाहेर, खुर्ची टाकून बसल्या. नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तशा.

उचापत्या वर गेला. अंगाला एक दोर, आणि वरच्या बेचक्यातून सोडलेला दुसरा, ओझ्याचा दोर, तुकडे उतरवायला. त्याचं खालचं टोक बुंध्याला एक वेढा देऊन सुनेच्या हातात. वेढा दिला की मोठं वजनही एका माणसाला पेलतं.

मोठी फांदी एका दमात कापत नसतात. एका दमात कापली की ती स्वतःच्या वजनाने अर्ध्यात मोडते आणि खालची साल पार बुंध्यापर्यंत सोलून नेते. झाडाला ती जखम मरेपर्यंत पुरते. म्हणून टोकाकडून तुकड्या-तुकड्याने यायचं. प्रत्येक तुकड्याला दोराचा फास, आधी खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून, कडकन तुकडा सुटतो, दोरावर लोंबतो. दोन ठोके. सून दोर सोडते. तुकडा काकूंच्या कौलांना धक्कासुद्धा न लावता जमिनीवर निजतो.

असे नऊ तुकडे झाले. दुपारचे तीन वाजले. खोलीवरचं आभाळ मोकळं झालं. काकूंनी खुर्चीतून टाळी वाजवली. सकाळपासून झाडातून हूं की चूं नव्हतं, आणि उचापत्या मनात म्हणाला, झालं, बीटलच असेल, पुस्तक बरोबर असतं कधी कधी.

आता राहिलं होतं शेवटचं हातभर थोटूक. इथे खरी कला. फांदी जिथे बुंध्यातून निघते तिथे सुरकुतलेली एक फुगीर कड असते, सदऱ्याच्या कॉलरसारखी. त्या कॉलरच्या आत कापलं तर जखम मिटत नाही, फार बाहेर कापलं तर थोटूक कुजतं. बरोबर कडेला लागून कापायचं. उस्ताद म्हणायचे, कॉलरला हात लावायचा नाही, त्याने झाडाचा अपमान होतो.

त्याने करवत लावली. कॉलरला धक्का न लावता, सावकाश, एका रेषेत. थोटूक सुटत आल्यावर करवत कमरेला अडकवली, ते हातांनी मोडून घेतलं आणि मोकळ्या जागी खाली टाकलं. दोराचा फास रिकामाच कापाच्या तोंडाशी झुलत राहिला.

मग त्याने कापाकडे पाहिलं.

मधोमध भोक होतं. मनगट जाईल एवढं. कुजलेलं भोक काळं, ओलं, खरबरीत असतं. हे आतून गुळगुळीत होतं, वापरून वापरून झालेल्या दांड्यासारखं. त्यातून थंड वारा येत होता, आणि जुन्या, बंद सिमेंटचा वास.

त्या अंधारातून काहीतरी पुढे आलं.

आधी टोक. मग टोकावरची खाच. अंगठा बसेल अशी. चिंचेचं लाकूड, हाताच्या घामाने चकचकीत झालेलं. मोगरीचा दांडा एक इंच बाहेर आला, दोन इंच, आणि थांबला. दांडा त्याच्याकडे केलेला. मागे कुणीतरी दुसरं टोक धरून उभं असल्यासारखा, जराही न डुगडुगता.

उचापत्याच्या मनात काय काय आलं ते त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. खाली सून हाका मारत होती. एवढं खरं की त्याने हात पुढे केला आणि दांडा धरला. ओढून पाहिला. सुटेना. पलीकडून घट्ट धरलेला होता. अडकलेलं लाकूड जसं ओढतं तसं नव्हे, माणूस धरतो तसा, जरासा जिवंत.

रीत त्याला ठाऊक होती. त्याने ते म्हटलं.

"धरलं."

पलीकडचा हात सुटला. मोगरीचं डोकं त्या भोकातून बाहेर आलं. कसं मावलं ते त्याला कळलं नाही. उचापत्या तेवढाच पुढे वाकला आणि म्हणाला, "उस्ताद, मीच टाकली होती."



६

तो खाली आला तेव्हा सुनेने आधी त्याचा चेहरा पाहिला आणि मग हातातलं. मोगरीचं एक तोंड झिजून वाटीसारखं खोल झालं होतं. एकतीस वर्षं सिमेंटमध्ये पडून राहिलेली वस्तू गंजते, कुजते, तिला वाळवी लागते. झिजत नाही. झिजायला वापर लागतो.

काकूंनी ती हातात घेतली, खाचेवर अंगठा ठेवून पाहिला आणि पदराने पुसली. "आणलीस शेवटी," एवढंच म्हणाल्या.

"झालं ना मग?" सून घाईघाईने आवराआवर करत होती. "बाबा, ते वरचं भोक. मी पत्रा ठोकून घेते. निदान आजच्यापुरता."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "तूच शिकवलंस ना मला? जखम उघडी ठेवायची."

"हो, पण..."

"पण नाही. लिंपायचं एकदा झालं."

तेवढ्यात ठोका पडला.

तिघांनीही काकूंच्या मांडीकडे पाहिलं. मोगरी तिथेच होती. काकूंचे दोन्ही हात तिच्यावर.

हा ठोका लाकडाचा नव्हता. तो बारीक होता, हाडाचा, बोटांच्या गाठींचा. कापाच्या तोंडाशी आतल्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं होतं. एक.

काकूंनी डोळे मिटले. हा आवाज त्यांनी पलंगाच्या फळीवर चार महिने ऐकला होता.

दोन.

"बाबा, चला इथून," सून म्हणाली. "बाबा!"

मग बराच वेळ काही नाही. इतका की रस्त्यावरून एक सायकल खडखडत गेली आणि तिची घंटाही ऐकू आली. शिरीषाची पानं स्तब्ध होती.

तीन.

उचापत्या झाडाकडे गेला. पळत नाही, रेंगाळतही नाही. कामाला जातो तसा. ओझ्याचा दोर बुंध्याला वेढा देऊन पडला होता, त्याचा फास वर कापाच्या तोंडाशी. त्याने दोराचं टोक उचललं, दोन्ही हातांत घेतलं आणि पाय रोवले.

"सोडा तो दोर!"

"तीन ठोके ऐकलेस ना? मग सोडत नसतात," तो म्हणाला. "काकूंना धर तू."

"मला कशाला धरायचं," काकू म्हणाल्या. "मी कुठे पळतेय?"

दोर हलला. कुणी फास चाचपून बघावा तसा, एक हलकासा हिसका. मग तो हळूहळू ताणला गेला, बुंध्यावरचा वेढा करकरला, आणि दोराला वजन आलं.

पन्नास वर्षं दोर धरलेल्या माणसाला वजन सांगावं लागत नाही. उस्ताद शेवटी चाळीस किलोचे उरले होते. उचापत्याने मनाशी चाळीस धरले होते. आलेलं वजन चाळीस होतं. मग पन्नास झालं. मग सत्तर. सगळं अजून बाहेर आलेलं नसल्यासारखं ते वाढतच होतं, आणि वरून त्याच्या मनगटांवर भुसा पडू लागला. करवत तर त्याच्या कमरेला होती. भुसा काळा होता, ओला, आणि गार.

त्याने वर पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. पकड घट्ट होती.

दोन ठोके पडले. सोडत राहा.

त्याने वीतभर दोर सोडला. मग आणखी वीतभर. घाई नाही, हिसका नाही, जसं शिकवलं होतं तसं. सुनेचं ओरडणं थांबलं होतं. ती वर बघत होती आणि तिचे दोन्ही हात तोंडावर होते. तिने काय पाहिलं ते नंतर विचारलं की ती म्हणायची, उन्हाची तिरीप होती डोळ्यांत, मला फक्त बोटं दिसली. किती, असं विचारलं की ती उठून जायची.

"सावकाश रे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. त्या कुणाला म्हणत होत्या ते कळलं नाही.

वीतभर. आणखी वीतभर. उचापत्याच्या हातांवर सावली पडली, मग खांद्यांवर, मग ऊन सगळंच गेलं. बंद सिमेंटचा वास अगदी जवळ आला. दोराचं वजन त्याच्या डोक्यावर येऊन थांबलं आणि वेढ्याची करकर बंद झाली.

त्याच्या हेल्मेटवर, बोटांच्या गाठींनी, एक टकटक झाली.

आणि मग, आवाज नीट ऐकायला कान लावावा, तसं काहीतरी त्याच्या डोक्याशी वाकलं आणि थांबलं. उचापत्याने दोर धरून ठेवला.